धोंडिबाच्या नावावरचा आकडा

मी, श्रीमती मुक्ताबाई सखाराम हिवराळे, वय वर्षे एकाहत्तर, राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर, हे इच्छापत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. कोणी धाक दाखवला म्हणून किंवा गोड बोलून लिहवून घेतले म्हणून लिहीत नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डोके ठिकाणावर असलेला माणूससुद्धा गोंधळलेला असू शकतो, पण त्याचा दाखला कोणी देत नाही, म्हणून तेवढे मीच लिहिते. एका गोष्टीबद्दल मी गोंधळलेली आहे. ती कलम चारमध्ये येईल. त्याआधी सोपे ते उरकते.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. मागच्या महिन्यात एक अर्धे लिहून फाडले, ते धरू नये.

कलम १. मुकुंदवाडीचे दोन खोल्यांचे घर आणि पुढची पत्र्याची पडवी माझा मुलगा सम्यक आणि मुलगी मेघा यांना सारखी. सम्यक पुण्याला असतो, तो इथे राहायला येणार नाही हे मला माहीत आहे. तरी हिस्सा हिस्सा असतो. मेघाला राहायचे असेल तोवर त्याने विकायची घाई करू नये.

कलम २. बँकेत जे निघेल ते दोघांत निम्मे. पासबुक गव्हाच्या डब्यामागे आहे.

कलम ३. माझे पती दिवंगत सखाराम हिवराळे यांची हत्यारे, म्हणजे मीटर, डाक लावायचा कैया, पेचकस आणि तारांची पेटी, मेघाला. हे नेहमी म्हणायचे, हत्यारे पोराला जातील. पण मेघा वाळूजच्या कंपनीत वायरिंगचे काम करते आणि सम्यकला बल्ब बदलायला शेजारी बोलवावा लागतो. त्याने रागावू नये. माझी पुस्तके विहाराच्या वाचनालयाला. ज्यांच्यावर पेन्सिलीच्या खुणा आहेत ती आधी द्यावीत, त्या खुणा मला अडलेल्या शब्दांच्या आहेत, दुसऱ्या कोणाला तिथेच अडले तर त्याला बरे वाटेल. शिलाई मशीन मेघाला. त्याला पायडल नाही. ते कुठे गेले हे पुढे कळेल.

कलम ४. बाहेरच्या खोलीतले गाडीचे मशीन सम्यकला द्यावे.

वरची ओळ मी खोडली आहे आणि बाजूला सही केली आहे. ती लिहिली त्या दिवशी सम्यकचा फोन आला होता.

"आई, पुण्याचा एकजण मशीन बघायला येतो म्हणतोय. त्याला कॉफीच्या दुकानात ठेवायचंय. जुन्या वस्तूंची लोकांना हौस आहे आता."

"चालवणार कोण?"

"चालवायचं नसतं गं ते. लोक शेजारी उभं राहून फोटो काढतात."

मी बरे म्हणाले आणि ओळ लिहिली. रात्रभर झोप आली नाही, सकाळी खोडली. कारण ते मशीन सम्यकला द्यायला आधी माझे असायला पाहिजे, आणि ते माझे आहे की नाही हेच मला कळत नाही.

ॲडव्होकेट विशाखा आमच्याच गल्लीत राहतात. त्यांना हा कागद दाखवला तर म्हणाल्या, "काकू, मृत्युपत्रात कहाणी लिहीत नसतात. कोणाला काय, एवढंच लिहायचं."

"मग कारण कुठं लिहू?"

"कारण लागत नाही."

"तुम्हाला लागत नाही. मला लागतं."

म्हणून लिहिते.

कलम ४, दुसऱ्यांदा. पंच्याऐंशी साली ह्यांनी औरंगपुऱ्याच्या एका बोळात व्हिडिओ गेमचे दुकान टाकले. त्याआधी ते रेडिओ दुरुस्त करायचे. पाच मशीन होती. चार उभी, दांडी हलवून खेळायची. पाचवे गाडीचे. त्यात बसायला खुर्ची, हातात स्टेअरिंग, उजव्या पायाखाली पायडल. समोरच्या काचेवर रस्ता पळायचा, डोंगर यायचे, बोगदा यायचा, दुसऱ्या गाड्या आडव्या यायच्या. वर घड्याळ उलटे चालायचे. ते संपायच्या आत कमानीखालून गेले की आणखी थोडा वेळ मिळायचा. जो जितका लांब जाईल तितका त्याचा आकडा मोठा. पोरे दप्तरासकट रांगेत उभी राहायची.

सगळ्यांत मोठा आकडा मशीन लक्षात ठेवायचे, पण लाइट गेली की विसरायचे, आणि लाइट रोज जायची. मग भांडणे. माझा जास्त होता, नाही माझा. ह्यांनी एक वही केली. आकडा, नाव, गाव, तारीख आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. साक्षीदाराशिवाय आकडा धरायचा नाही. एक सही बहुतेक वेळा रामकिसन भाऊजींची असायची. त्यांचे घड्याळ दुरुस्तीचे टेबल आमच्या दुकानाच्या पायरीला लागूनच होते. डोळ्यावरचे भिंग काढून ते आत यायचे, आकडा बघायचे, सही करायचे आणि परत घड्याळात डोके घालायचे.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ह्यांनी लाल रंगाने एक पाटी लिहून टांगली. ती अजून माझ्याकडे आहे. "दुकान बंद होईल त्या दिवशी वहीत ज्याचा आकडा वर असेल, गाडीचे मशीन त्याचे. दुकानातल्या माणसांचा आकडा धरला जाणार नाही." दुकान कधी बंद होईल असे तेव्हा त्यांना वाटत नव्हते. गिऱ्हाईक यावे म्हणून लिहिली असणार.

आता माझा संबंध कुठे येतो ते सांगते. दुपारी एक ते चार दुकान बंद असायचे आणि मी डबा घेऊन जायची. मशीन सारखे बिघडायचे. हे मागची फळी काढून आत डोके घालायचे, आणि पुढे कोणीतरी गाडी चालवत राहिल्याशिवाय बिघाड कुठे आहे ते कळायचे नाही. मी चालवायची. "डावीकडं वळव. आता उजवीकडं. आता दाबून धर." असे मागून सांगायचे. पोरांनी लाथा घालून घालून पायडल मोडले तेव्हा ह्यांनी मला न विचारता माझ्या शिलाई मशीनचे पायडल काढून बसवले. मी महिनाभर बोलले नाही. पण त्या पायडलवर माझा पाय बसलेला होता. मला ते अर्धे दाबता यायचे, पाव दाबता यायचे. पोरे पूर्ण दाबायची आणि बोगद्याच्या तोंडाशी भिंतीवर जायची.

त्या सुट्टीत राजेंद्र नावाचा सोळा वर्षांचा पोरगा सगळ्यांच्या पुढे होता. दोन जूनला त्याने आठ लाख एकेचाळीस हजार नऊशे केले. वहीत लागले. शनिवारी, चार जूनला दुपारी, हे मागे तार जोडत होते आणि मी पुढे चालवत होते. थांबायला सांगायचे ते विसरले. मी पण विसरले. गाडी धडकली तेव्हा काचेवर आठ लाख सत्तेचाळीस हजार दोनशे साठ होते.

हे पुढे आले. आकडा मोठ्याने वाचला.

"मुक्ता, कशालाच हात लावू नको."

मी म्हणाले, "कधीतरी माझा पण लिहा की वहीत." हे मी त्या दिवशी पहिल्यांदाच म्हणाले होते. त्याआधी दोनदा माझा आकडा सगळ्यांच्या वर गेला होता, तो त्यांनी लिहिला नव्हता आणि मी काही बोलले नव्हते.

त्यांनी वही काढली, लिहिले, रामकिसन भाऊजींना हाक मारून सही घेतली, खाली स्वतःची केली.

"काय लिहिलं?"

"तुझंच लिहिलंय."

मला तेव्हा वाचता येत नव्हते. मापाच्या टेपमुळे आकडे यायचे, अक्षरे नाही. मी बघितले तर आकडा माझाच होता, आणि पुढे एक ओळ होती. ती ओळ म्हणजे मी, असे मला पस्तीस वर्षे वाटत होते.

चौऱ्याण्णवला घरोघरी टीव्हीला लावायचे खेळ आले आणि दुकान बंद झाले. मशीन हातगाड्यावरून मुकुंदवाडीला आले. मी विचारले, राजेंद्रला का नाही दिले? हे म्हणाले, "त्याचा आकडा कमी पडला." कोणापेक्षा? "तुझ्यापेक्षा." मी ते खरे धरले. त्याच खुर्चीत बसून मी वाचायला शिकले. मेघाचे पहिलीचे पुस्तक, मग किराण्याच्या पुड्यांचे कागद, मग वाचनालय. वही मात्र हाती लागली नाही, आणि मी शोधलीही नाही. आपलेच नाव बघायला काय जायचे?

दोन वर्षांपूर्वी हे गेले. पाचव्या दिवशी राजेंद्र भेटायला आला. तो आता एसटीवर ड्रायव्हर आहे, केस पिकलेत. दुकान बंद झाल्यापासून तो ह्यांच्याशी धड बोलत नव्हता, घरी तर कधीच आला नव्हता. चहा पिऊन झाल्यावर दारात थांबला आणि म्हणाला, "काकू, राग मानू नका, पण तो धोंडिबा कोण हो?"

"कोणता धोंडिबा?"

"माझ्यावरचा. धोंडिबा खरात, फर्दापूर. काकांनी वही दाखवली होती मला. म्हणले, त्याला शोधून आण, मग बघू."

मला माहीत नाही म्हणाले. तो गेल्यावर सगळे घर धुंडाळले, शेवटी मशीनची मागची फळी काढली. आत प्लास्टिकमध्ये वही होती. आठ लाख सत्तेचाळीस हजार दोनशे साठ. धोंडिबा खरात. फर्दापूर.

धोंडिबा खरात माझे वडील. राजेंद्रला माहीत नाही म्हणाले ते खोटे होते. ते एकोणऐंशी सालीच वारले. शाळा आमच्या घरासमोर होती, घंटा घरात ऐकू यायची. पोरगी शिकून काय दिवे लावणार म्हणून त्यांनी मला लेण्यांच्या रस्त्यावर बोरे विकायला बसवले. ज्या माणसामुळे मला माझे नाव वाचता आले नाही, त्याच माणसाचे नाव माझ्या आकड्यापुढे. हे मी जसे आहे तसे लिहिले. शिव्या लिहिल्या नाहीत. त्या दिवशी फोटोसमोर उभे राहून दिल्या.

तिथून गोंधळ सुरू झाला तो अजून आहे. राजेंद्रचा आकडा लागल्यावर दोनच दिवसांनी ह्यांनी हे नाव लिहिले. म्हणजे मशीन पोराला जाऊ नये म्हणून माझा आकडा वापरला. नाहीतर आधीचे दोन का लिहिले नाहीत? पण त्याच दिवशी मी पहिल्यांदा तोंड उघडून मागितले होते. म्हणजे माझ्यासाठी लिहिला, आणि घरातल्या माणसाचे नाव चालत नाही म्हणून माझ्या बापाचे घातले. सकाळी एक खरे वाटते, संध्याकाळी दुसरे. विचारायचे ज्याला, तो भिंतीवर आहे.

मागच्या महिन्यात राजेंद्र परत आला. दारातूनच म्हणाला, "काकू, धोंडिबा सापडला."

"कुठं?"

"मातीत. इतकी वर्षं मी फर्दापूरच्या स्टँडवर माझ्या वयाचा माणूस विचारत होतो. एक धोंडिबा भेटला पण होता, तो म्हणला मी जन्मात गेम खेळलो नाय. परवा चहाच्या टपरीवरच्या म्हातारीनं विचारलं, खराताचा म्हातारा का? तो तर कधीच गेला. आता सांगा, मेलेला माणूस औरंगपुऱ्यात येऊन गाडी पळवून गेला का? फसवलं मला काकांनी. सोळा वर्षांच्या पोराला फसवलं."

मी गप्प बसले असते तर ह्यांच्यावर फसवणूक आली असती. बोलले तरी येणारच होती, पण निम्मी. मी म्हणाले, "धोंडिबा माझा बाप. आकडा माझा."

तो हसला. "काकू, नवऱ्याची बाजू घ्या, पण असं लई काही बोलू नका."

मेघाने गेल्या वर्षी मशीन चालू केले आहे. चित्र थोडे लोळते, पण रस्ता दिसतो. मी चादर काढली, खुर्चीत बसले आणि त्याला म्हणाले, बघ. माझ्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले आहेत, हात कापतो. आकडा काही विशेष झाला नाही. पण बोगद्यातून गाडी काढली. तो काचेकडे बघतच नव्हता. माझ्या पायाकडे बघत होता.

"अर्धाच ठेवता व्हय पाय?"

"शिलाई मशीनचं पायडल आहे ते. एकदम दाबलं की धागा तुटतो."

"मी पूर्ण दाबायचो. दर वेळी बोगद्याच्या तोंडाशी जायचो भिंतीवर."

"आता बस चालवताना काय करतोस?"

"आता उचलतो की."

"कोणी शिकवलं?"

"घाटानं," म्हणाला, आणि खाली जमिनीवरच बसला. मग म्हणाला, "मग मशीन तुमचंच आहे, काकू. मी उगाच काकांना इतकी वर्षं बोल लावला."

मी म्हणाले, "दुकानातल्या माणसांचा आकडा धरत नाहीत. पाटी तू वाचली होतीस. मला वाचता येत नव्हती."

"पाटी काकांनीच लिहिली, वही पण काकांनीच लिहिली. आता कुणाला इचारायचं?"

रामकिसन भाऊजींना, असे मला वाटले. त्यांची सही आहे. त्यांना रिक्षाने घरी आणवले. वय अठ्ठ्याहत्तर, कान मंद, डोळा मात्र अजून घड्याळजीचाच. वही समोर धरली.

"भाऊजी, ही सही तुमची?"

"माझीच."

"धोंडिबाला पाहिलं होतं तुम्ही?"

"नाय. म्या आकडा पाहिला. आकडा खरा होता. माणूस कोण ते सखारामला इचारलं नाय."

"नंतर कधी?"

"इचारलं की. एकदा म्हणला, दुकान मिटलं तरी मशीन त्या पोराला जाऊ द्यायचं नाय मला. अन् एकदा म्हणला, रामकिसन, ती एवढी पळवती आन् तिचं कुठंच लिहायचं नाय का?"

"आधी कोणतं म्हणाले? खरं कोणतं?"

त्यांनी डोके खाजवले. "आता ते कसं सांगू वहिनी? दोन्ही टायमाला चहा पीत होतो आम्ही."

एवढीच साक्ष मिळाली. विशाखाताई म्हणतात, अशा साक्षीवर कोर्टात काही ठरत नाही. माझ्याही मनात ठरले नाही. माझा नवरा एका पोराशी खोटे वागला आणि माझ्याशी खरे वागला, आणि दोन्ही एकाच ओळीत. ती ओळ मला सुटत नाही. मेल्यावर सुटेल असेही नाही. म्हणून ती न सुटताच पुढचे कलम लिहिते.

कलम ५. गाडीचे मशीन, त्याची खुर्ची, स्टेअरिंग आणि वही राजेंद्रला द्यावी. पाटीप्रमाणे माझा आकडा धरायचा नाही, म्हणून पहिला तोच. त्याने ते उपकार म्हणून घेऊ नये, त्याचे होते ते उशिरा मिळाले. एक अट आहे. मशीन चालवायचे. चादर घालून ठेवायचे असेल तर माझ्याकडे ती सोय होतीच. पायडल मशीनसोबतच जाईल. मेघाने शिलाई मशीनला नवीन घ्यावे. ते काढून नेले तर राजेंद्र परत पूर्ण दाबायला लागेल.

सम्यकला लाल अक्षरांची पाटी. पुण्याच्या माणसाला जुने काहीतरी दाखवायलाच हवे असेल तर ती कॉफीच्या दुकानात चांगली दिसेल. ती वाचायला मात्र त्याने लोकांना सांगावे, नुसते शेजारी उभे राहू देऊ नये.

कलम ६. आज दोन्ही साक्षीदारांसमोर मी वहीतल्या धोंडिबा खरात या नावावर एकच रेघ मारली. खाली नाव वाचता येईल अशीच मारली, कारण ते कसे आणि का आले हे मला माहीत नाही आणि जे माहीत नाही ते पुसू नये. त्याच्या वर माझे नाव लिहिले, मुक्ताबाई सखाराम हिवराळे, आणि गावाच्या जागी मुकुंदवाडी. आकड्याला हात लावला नाही. बक्षीस राजेंद्रचे, पण त्याच्या वरचा आकडा माझा आहे. तो वहीत तसाच राहू द्यावा.

राजेंद्र म्हणत होता, "काकू, साक्षीदार म्हणून मी सही करतो." विशाखाताईंनी सांगितले की ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही. तो म्हणाला, "हे बरंय, इथं पण पाटी आहेच." आणि हसत बाहेर पडवीत जाऊन बसला. आत्ता तो तिथेच आहे.

कलम ७. हे सगळे मेघाने पार पाडावे. ती रडेल, पण काम अर्धवट ठेवणार नाही. ह्यांचा फोटो कोणाकडे जावा ते मी लिहीत नाही. जो घेईल त्याने माझा प्रश्नही सोबत घ्यावा.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि मला तो समजला आहे. जो भाग समजला नाही तो कोणता हे वर सांगितले आहे.

ठिकाण: मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: २३ नोव्हेंबर २०२५, रविवार, दुपारी दोन वाजता

(सही) मुक्ताबाई सखाराम हिवराळे

साक्षीदार १: ॲडव्होकेट विशाखा, राहणार मुकुंदवाडी. लिहून देणारीने आमच्या दोघांसमोर आणि आम्ही तिच्यासमोर सही केली. कलम ४ मधील खोडलेली ओळ आणि तिच्या बाजूची सही मी पाहिली. वहीतील दुरुस्ती माझ्यासमोर झाली. (सही)

साक्षीदार २: रामकिसन, घड्याळ दुरुस्ती, औरंगपुरा. वहीवर अठ्ठ्याऐंशी साली म्या फक्त आकडा पाहून सही केली होती. आज आकडा पाहिला आणि बाईला बी पाहिलं. दोन्ही खरे. (सही)